स्वस्तातली राखण

रात्रीतून बैलजोडी गेली की पहाटे आधी जागल्या निघायचा. खूर कुठे रुतले, बांधावरचं गवत कुठे मोडलं, ओढ्यातून जनावरं कुठे वर आली, हे बघत तो पुढे, मागे पाटील आणि गावातली चार माणसं. माग शिवेपर्यंत पोचला की पलीकडच्या गावाला हाक जायची आणि माग त्या गावाच्या स्वाधीन व्हायचा. तिथून पुढे चोर शोधणं त्यांचं काम. ज्याच्या हद्दीत माग हरवला, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. पेशवाई 1818मध्ये बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला पाठवला, त्यात या रिवाजाची नोंद आहे. गावाची ही जुनी घडी मोडू नये, असं त्याचं मत होतं. त्यामागे गावाविषयी आदर होता, हे मान्य करू. पण ती घडी सरकारला जवळजवळ फुकट पडत होती, हेही त्याला दिसत असणारच.

सोलापुरातून विजयपूरच्या, म्हणजे जुन्या विजापूरच्या, रस्त्याला लागलं की वडकबाळला सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप येतं आणि पुढे टाकळीजवळ भीमा. या दोन नद्या हत्तरसंग कुडलला एकत्र येतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा मराठी शिलालेख आहे. मात्र रानात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर मराठीइतकंच कन्नड कानावर येतं. जागल्याला इथल्या कन्नड बोलणाऱ्या घरांत तळवार म्हणत, आणि तळवार आडनावाची माणसं या पट्ट्यात आजही भेटतात. मंद्रूपला आज सोलापूर ग्रामीण दलाचं पोलीस ठाणं आहे. त्या ठाण्यापर्यंत सरकार कसं पोचलं, ही दोनशे वर्षांची गोष्ट आहे. तिच्यात कायदे बदलले, गणवेश बदलले, साहेबांची भाषा बदलली. एक गोष्ट मात्र टिकून राहिली: खेड्याची राखण प्रत्येक सरकारला हवी होती, पण स्वस्तात हवी होती. त्या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजलीच. कुणी, ते दर पिढीत बदलत गेलं.

मे 1818मध्ये इंग्रज सेनापती मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. आरंभी बंदोबस्त कलेक्टर, मामलेदार आणि पाटील या उतरंडीनेच चाले. 1827च्या एल्फिन्स्टन संहितेत पोलिसांवर स्वतंत्र रेग्युलेशन होतं, पण सारा वसूल करणारा आणि चोर पकडणारा हात एकच राहिला. हा हात वेगळा करायचा विचार सिंधमधून आला. सिंध जिंकल्यावर 1843मध्ये चार्ल्स नेपियरने तिथे आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर वेगळं पोलीस दल उभं केलं. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने ते पाहिलं, त्याला पटलं, आणि 1853मध्ये मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला सुपरिंटेंडेंट नेमला गेला. आपला आजचा एसपी त्याच खुर्चीवर बसतो. आयर्लंडमधलं ते दल स्थानिक शेतकऱ्यांना धाकात ठेवायला घडवलेलं होतं. लंडनच्या बिनहत्यारी शिपायाचा नमुना त्या आधीच तयार होता, तो आपल्याकडे आला नाही. वसाहतीला कुठला नमुना सोयीचा, हे सांगायची गरज नाही.

पण सुपरिंटेंडेंट सोलापुरात, मंद्रूपच्या शिवारात कोण? त्याचं उत्तर 1867च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने दिलं. पाटलाला कायद्याने पोलीस पाटील केलं. किरकोळ मारामारी केली म्हणून माणसाला चोवीस तासांपर्यंत चावडीत बसवून ठेवायचा अधिकार त्याला मिळाला. गुन्ह्याची वर्दी देणं, प्रेताचा पंचनामा, परगावच्या संशयिताची खबर, ही सगळी कामं त्याची. पुढे 1874च्या वतन कायद्याने ही वंशपरंपरागत पदं कागदावर पक्की झाली. पगार असा नव्हता. वतनाची जमीन, थोडा मुशाहिरा आणि गावातला मान.

पाटलाला मान तरी होता. त्याच्या हाताखालच्या माणसांना तोही नव्हता. रात्रीची गस्त घालायची महार, रामोशी किंवा बेरडाने. सरकारी टपाल न्यायचं, खजिन्याबरोबर चालायचं, साहेबाचा तंबू ठोकायचा तेही त्यांनीच. त्या बदल्यात इनामाचा तुकडा, जो वाटण्या होऊन पिढीगणिक लहान होत गेला, आणि बलुतं, जे गावाच्या मर्जीवर. शिवाय काम एका माणसाचं नसे, वतनदार घराण्यातल्या कुणालाही कुठल्याही वेळी बोलावता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या वेठीवर घाव घालायला. ज्यांना ठरावीक पगार नाही, ठरावीक वेळ नाही आणि ज्यांचा मेहनताना रयतेच्या लहरीवर आहे, त्यांना सरकारी नोकर म्हणायचं तरी कसं? सरकारने खर्चाचं कारण पुढे केलं आणि विधेयक मार्गी लागलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात रद्द झाली ती 1958च्या कायद्याने. तोवर सुमारे एकशे तीस वर्षं इंग्रजी अमदानीतली आणि स्वराज्याची पहिली दहा वर्षंही, खेड्यातली रात्र ज्यांनी राखली, त्यांना त्याच खेड्यात विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं.

लॉर्ड कर्झनने 1902मध्ये अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. पोलीस भ्रष्ट आहेत, जुलमी आहेत आणि शिपायाचा पगार हास्यास्पद आहे, एवढं सरकारी अहवालात स्वच्छ लिहिलेलं भारताने त्याआधी पाहिलं नव्हतं. गावच्या पाटलाची जबाबदारी वाढवा, ही आयोगाची एक शिफारस. पगाराचा मुद्दा त्यानंतर आलेल्या प्रत्येक आयोगाने पुन्हा लिहिला.

याच सुमारास विजापुरात एक वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. तिथला एक तरुण आयसीएस अधिकारी, ओ. एच. बी. स्टार्ट. छप्परबंद, घंटीचोर अशा जमातींना पकडायचं, शिक्षा करायची, सोडायचं आणि पुन्हा पकडायचं, या रहाटगाडग्यात पोलीस दमून जात. स्टार्टने ठरवलं की या लोकांना एका जागी वसवायचं, हाताला काम द्यायचं, पोरांना शाळेत घालायचं, आणि कुंपणाबाहेर जायचं तर परवाना घ्यायला लावायचा. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही वापरता येऊ लागला आणि विजापूरचा प्रयोग सोलापुरात मोठा झाला.

सोलापुरातच का? कारण गिरण्या. जुनी मिल 1877ची, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. त्यांना माणसं हवी होती, आणि सरकारकडे पळून न जाणारी माणसं होती. कैकाडी, मांगगारुडी, भामटे, पारधी अशी कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. सकाळी हजेरी, भोंग्याला गिरणी, परतल्यावर पुन्हा हजेरी. हजेरी चुकली तर शिक्षा. व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनने शाळा चालवल्या, सुतारकी-शिवणकाम शिकवलं, आणि वस्तीच्या एका भागाला उमेदपूर हे नावही दिलं. स्टार्टचा हेतू सुधारणेचा होता याविषयी मला शंका नाही. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा ज्या समितीवर सदस्य होते आणि जिने 1930मध्ये अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. तरीही सोलापूरच्या वस्तीत जन्मलेल्या मुलाने काहीच केलेलं नव्हतं. त्याचा गुन्हा म्हणजे आईबाप. पोलिसांचं काम सोपं झालं, गिरणीला मजूर मिळाले, सरकारचा तुरुंगाचा खर्च वाचला. स्वस्ताईचं याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही.

तारेच्या आतली माणसं रोज हजेरी देत होती तेव्हा तारेबाहेरचं सोलापूर मे 1930मध्ये चार दिवस पोलिसांवाचून जगलं. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या थंडावल्या. 8 मेला रूपाभवानीच्या बाजूला लोकांनी शिंदीची झाडं तोडायला घेतली. शिंदी म्हणजे अबकारीचं उत्पन्न, आणि त्या झाडांची राखण म्हणजे पोलिसांची ड्यूटी. धरपकड झाली, जमाव हलेना, मल्लप्पा धनशेट्टींनी लोकांना आवरायचा प्रयत्न केला, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेची चौकी पेटवली, त्यात दोन पोलीस मेले. सरकारी अधिकारी रेल्वे स्टेशनकडे सरकले आणि शहर काँग्रेसच्या स्वयंसेवकांच्या हाती आलं. त्यांनी रस्त्यावरची रहदारी सांभाळली, पेठा राखल्या. 12 मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. या घटनेचा राजकीय इतिहास सोलापूरकरांना पाठ आहे. पोलिसांच्या इतिहासात तिचं स्थान वेगळ्या कारणाने आहे: दल कितीही सज्ज असो, शहराने मनातून काढून टाकलं की चौकी एका दुपारीत जळते. आणि जळालेल्या चौकीत मेलेले ते दोघेही इथलेच, तुटपुंज्या पगारावरचे शिपाई होते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा वर्षं या मुलखाला धावपळीची गेली. निजामाच्या हद्दीतून रझाकारांचे छापे, मग 13 सप्टेंबर 1948ला सोलापूरहून नळदुर्गाकडे निघालेलं सैन्य. 1949मध्ये मुंबई प्रांताने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला आणि 31 ऑगस्ट 1952ला तो देशभरातून गेला. तारा निघाल्या. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे वस्तीचं नाव मात्र राहिलं. सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबईत 1947मध्येच झाला होता, पुढे 1959मध्ये तो नव्याने आला. जमातीऐवजी आता माणसाचं नाव रजिस्टरात चढू लागलं. ठाण्यातल्या जुन्या रजिस्टरांची सवय मात्र एका कायद्याने जात नाही, हे पारधी वस्तीवरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं.

1 नोव्हेंबर 1956ला विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि भीमा ही नुसती नदी उरली नाही, ती राज्याची हद्द झाली. मंद्रूप एकाएकी सीमेवर आलं. 1967च्या महाजन आयोगाने दक्षिण सोलापुरातली बरीच गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं, महाराष्ट्राने तो अहवाल झुगारला, आणि तो वाद अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. ठाण्याच्या रोजच्या कामाला याचा अर्थ साधा होता. नदीच्या पलीकडे लेक दिलेली, शेत पलीकडे, यात्रा पलीकडची, आणि गुन्हेगार पलीकडे गेला की दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना पत्र. जुना जागल्या शिवेवर माग हवाली करून मोकळा होई. इथे हवालदार बिनतारी संदेश पाठवून वाट बघत बसे. पुढे भीमेच्या आणि सीनेच्या पात्रातली वाळू सोन्याच्या भावाने जाऊ लागली तेव्हा या हद्दीची खरी किंमत कळली. एका काठावरून पथक आलं की बोट दुसऱ्या काठाला लागते. वाळूचोरी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 379 कलमाखाली नोंदवली जाई, 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेच्या 303खाली. नदीला दोन्ही सारखेच.

गावातला जुना पाटील मात्र हळूहळू गेला. महाराष्ट्राने 1962च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद मोडीत काढलं आणि 1967च्या ग्रामपोलीस कायद्याने, जो 1 जानेवारी 1968पासून लागू झाला, पोलीस पाटील नेमणुकीचा केला. आता घराणं बघायचं नाही. कुठल्याही जातीचा, पुढे बाईसुद्धा, पोलीस पाटील होऊ शकते. ही महाराष्ट्राच्या पोलीस व्यवस्थेतली सगळ्यात शांतपणे झालेली क्रांती आहे असं मला वाटतं, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. चावडीत माणूस बसवायचा तो जुना दरारा गेला. खबर, वर्दी, पंचनामा हे काम तसंच राहिलं, आणि मोबदला पगार न म्हणता मानधन म्हणून आला. या शब्दात सरकारची काटकसर किती सभ्यपणे बसते!

दरम्यान दिल्लीत सुधारणेचे अहवाल साठत होते. आणीबाणीनंतर 1977मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याने 1981पर्यंत आठ अहवाल दिले. ते कपाटात गेले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह न्यायालयात गेले आणि 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असे मुद्दे होते. महाराष्ट्राने 2014मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून मंडळं आणि प्राधिकरणं बसवली. मंद्रूपसारख्या ठाण्यात यातलं काय पोचलं? तपास आणि बंदोबस्त वेगळा करायचा तर माणसं लागतात. सोलापूर ग्रामीणच्या माणसांचा निम्मा जीव पंढरपुरात अडकलेला असतो. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. वारीच्या दिवसांत तालुक्यातालुक्यातून शिपाई पंढरपूरला जातात आणि मागे उरलेले दोघे-तिघे ठाणं, बीट, पासपोर्टची चौकशी आणि कोर्टाचे समन्स सांभाळतात. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना 2016मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, एका शिपायानेच मांडलेल्या कल्पनेवरून. खेड्यातल्या ठाण्यात आठ तास ही अजून ऐकीव गोष्ट आहे.

माणसं नसतील तर माणसं जोडावीत, असा विचार काही अधिकाऱ्यांनी केला. 1984च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे 1988मध्ये उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं एका सतरंजीवर बसवली आणि त्यांच्यात एका शिपायाला जबाबदार धरलं. 1992-93मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हा प्रयोग मुंबईने नंतर उचलला. खेड्यापर्यंत तो आला एका वेगळ्या माणसाच्या हातून.

आर. आर. पाटील हे तासगावच्या अंजनीचे. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी 2000मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं होतं आणि बक्षिसाच्या आमिषाने गावं कशी झाडू घेऊन उभी राहतात ते पाहिलं होतं. गृहखातं हाती असताना, 15 ऑगस्ट 2007 रोजी, त्यांनी तीच युक्ती भांडणांना लावली: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातल्या तंट्यांची नोंद करायची, तडजोडपात्र ते बसून मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत. गाव पात्र ठरलं की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. बांधाची भांडणं, वाटणीची भांडणं, निवडणुकीतल्या खुन्नशी, ज्या ठाण्याच्या डायरीचं अर्धं पान खातात, त्या समितीपुढे येऊ लागल्या. दक्षिण सोलापुरासारख्या भागात कोर्टाची तारीख म्हणजे एसटीचं भाडं, वकिलाची फी आणि बुडालेला रोज. ते वाचलं, हे खरंच होतं.

पण समितीत बसतात कोण? ज्यांच्यापुढे आधीच गाव वाकतं तेच. मार खाल्लेल्या सुनेचं भांडण मिटलं, असं नोंदवलं गेलं तेव्हा नेमकं काय मिटलं, हे नोंदीत येत नाही. दलित वस्तीवरच्या हाणामारीत तडजोड म्हणजे कुणी माघार घेतली, हेही नाही. मोहिमेने गुन्हे कमी केले की नोंदी कमी केल्या, यावर पोलीस खात्यातच दोन मतं ऐकू येतात. माझं मत असं की बांधाच्या भांडणात ही मोहीम न्यायालयापेक्षा चांगली होती आणि बाईच्या व दलिताच्या तक्रारीत वाईट. आर. आर. पाटील 2015मध्ये गेले, मोहिमेचा जोर ओसरला. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष हे बिरुद मात्र लग्नपत्रिकेवर आणि वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर अजून झळकतं.

गावाने स्वतःची राखण करावी, या कल्पनेची काळी बाजू 1 जुलै 2018ला दिसली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ही माणसं इकडची होती, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. मंगळवेढा मंद्रूपपासून लांब नाही. भटक्याला चोर समजायची सवय 1871च्या कायद्याने सरकारी दप्तरात घातली, त्याआधी आणि नंतर ती गावाच्या डोक्यात होतीच. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात झुंडबळीच्या खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायचे आदेश दिले. आता गावोगावी ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एक फोन केला की सगळ्या गावाच्या मोबाइलवर सूचना जाते, चोर आले, आग लागली, पूर आला. सोलापूर ग्रामीणनेही ती वापरली. अफवेला तिच्यात जागा नसावी म्हणून नियम आहेत. नियम पाळायला रात्री दोन वाजता शांत डोक्याचा माणूस लागतो.

ऑक्टोबर 2020मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षक झाल्या. शहराचं आयुक्तालय 1992मध्ये वेगळं झाल्यापासून ग्रामीणकडे उरला तो रस्त्यांचा, नद्यांचा आणि तांड्यांचा जिल्हा. तांडे बंजाऱ्यांचे. रेल्वे येण्याआधी हेच लमाण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर नेत. रेल्वे 1860च्या सुमारास सोलापुरात पोचली आणि बैलांचे तांडे थांबले. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींच्या यादीत आहेत. मुंबई दारूबंदी कायदा 1949चा. बंदी आली, पुढे सैल झाली, पण मधल्या काळात हातभट्टीला जो बाजार मिळाला तो राहिला. हैदराबाद रस्त्यावरचा मुळेगाव तांडा, बक्षीहिप्परग्याच्या बाजूचे तांडे, ही नावं सोलापुरात दारूच्या वासासकट घेतली जात.

पोलिसांची पद्धतही ठरलेली. पहाटे छापा. जमिनीत पुरलेली पिंपं उकरायची, गूळमिश्रित रसायन ओतून द्यायचं, पंचनामा, दारूबंदी कायद्याच्या 65 कलमाखाली गुन्हा. भट्टीवर बहुधा बायाच सापडत, दुचाकीवर रबरी ट्यूबमध्ये माल नेणारे पोरगे. जामीन त्याच दिवशी, भट्टी आठवड्यात पुन्हा पेटलेली. हप्त्याचं अर्थकारण ज्याचं त्याला ठाऊक. पन्नास वर्षं चाललेल्या या खेळात भट्टीवाल्याचं आणि ठाण्याचं एक परस्परांना सांभाळणारं नातं तयार झालं होतं, कुंपणच शेत खात होतं म्हणा.

सातपुते यांनी 2021मध्ये ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. जिल्ह्यातली हातभट्टीची सुमारे सत्तर ठिकाणं काढली आणि एकेका अधिकाऱ्याला एकेक गाव दत्तक दिलं. छापे थांबवले नाहीत, उलट वाढवले. सवय अशी की महिन्यातून एकदा धाड, आता आठवड्यातून पुन्हा पुन्हा, जेणेकरून रसायन पिकायलाच वेळ मिळू नये. त्याचबरोबर तोच अधिकारी त्याच घरी बसून विचारू लागला: भट्टी सोडली तर खाणार काय? कुणाला शिलाई मशीन, कुणाला म्हैस, कुणाला किराणा दुकानासाठी बँकेचं कर्ज. कागदपत्रं नव्हती त्यांची कागदपत्रं. सोलापूर गणवेशाच्या शिलाईसाठी नावाजलेलं, तेव्हा तिथल्या कारखानदारांशी तांड्यातल्या बायांची गाठ घालून दिली. बंजारा भरतकामाला गिऱ्हाईक शोधलं. शिकलेल्या पोरांसाठी नोकरीचे मेळावे पोलिसांनीच भरवले.

मला यात स्टार्ट दिसतो. त्याला टाळून या प्रयोगाकडे बघणं अप्रामाणिक होईल. तीच जमातीची वस्ती, तोच हाताला काम देण्याचा आग्रह, तोच सरकारी अधिकाऱ्याचा पुढाकार, आणि शंभर वर्षांनी पुन्हा सोलापूर, पुन्हा शिलाई आणि कापड. फरक आहे, आणि तो मोठा आहे: तार नाही, हजेरी नाही, नकार देता येतो. नकार दिला तर छापा आहे, हेही खरं. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा ठाण्याने त्या बाईला आरोपीच्या रकान्याबाहेर काढून विचारलं, हे मोलाचं. कित्येक कुटुंबांनी भट्टी सोडली, देशभर या कामाची चर्चा झाली.

मात्र पोलीस ठाण्याच्या अंदाजपत्रकात म्हशीसाठी रकाना नसतो. कर्ज बँकेचं, मशीन दात्याचं, बाजार कारखानदाराचा, आणि पाठपुरावा फौजदाराच्या स्वतःच्या वेळातला, म्हणजे बंदोबस्त आणि तपासातून उरलेल्या. समाजकल्याण, कौशल्यविकास, बँका, जिल्हा परिषद यांनी जे करायचं, ते खात्याने शेजाऱ्यांकडून मागून आणलं. ऑक्टोबर 2022मध्ये सातपुते यांची बदली झाली. दोन वर्षं पुरी झाली होती, न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे सगळं नियमात. दत्तक गाव घेतलेले अधिकारीही पुढेमागे बदलून जाणारच. म्हशीचे हप्ते त्याहून लांब चालतात.

मंद्रूपला आता अप्पर तहसील कार्यालय आहे. महामार्ग रुंद झाला, नांदणीला आरटीओचा सीमा तपासणी नाका झाला, 112 लावला की गाडी निघते. ठाण्याच्या हद्दीतल्या गावांत मात्र रात्री काही घडलं की पहिला फोन अजून पोलीस पाटलालाच जातो. पलीकडच्या काठावर वाळूची बोट लागली, विहिरीत प्रेत तरंगतंय, परगावची गाडी दोनदा फिरून गेली, हे त्याला कन्नडमधून कळतं आणि ठाण्यात त्याने ते मराठीतून सांगायचं असतं. ज्याची खबर द्यायची तो बहुधा त्याच गावातला, बऱ्याचदा भावकीतला. 2019पर्यंत त्याचं मानधन महिना तीन हजार होतं, मग साडेसहा हजार झालं. मार्च 2024मध्ये, लोकसभेच्या आचारसंहितेच्या काही दिवस आधी, मंत्रिमंडळाने ते पंधरा हजार केलं. रोजाचे पाचशे पडतात, सोलापूर भागात शेतमजुराला मिळतात त्याच्या आसपास, आणि शेतमजूर संध्याकाळी घरी जातो.